गाठ मागे, दुखणं पुढे

आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वयानुसार गुडघे झिजतात त्यालाही घरोघरी 'संधिवात'च म्हणतात, पण ते दुखणं वेगळं आणि त्याची औषधंही वेगळी. या वेळच्या सदरात आमवात असलेल्या वाचकांचे गुडघ्याच्या मागच्या बाजूच्या दुखण्याबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. शेवटचे दोन प्रश्न आमवाताचे नाहीत, पण याच जागेच्या गाठीचे आहेत. उत्तरं आमवाताच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मला आठ वर्षांपासून आमवात आहे. आठवड्याला १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध चालू आहे. दीड महिन्यापासून उजव्या गुडघ्याच्या मागे लिंबाएवढा गोळा आलाय. उभं राहिलं की तिथे तट्ट होतं, पाय पूर्ण वाकत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी 'बेकर्स सिस्ट' आहे म्हणून सांगितलं. शेजारच्या बाई म्हणतात, सुईनं पाणी काढून टाक, मोकळी होशील. काढावं का? (वय ५२, मिरज)

सुई घालायचीच असेल तर ती बहुतेक वेळा पुढून, गुडघ्याच्या सांध्यात घालायची. मागच्या गोळ्यात नाही. हे का, ते नीट समजून घ्या, कारण खालची बरीचशी उत्तरं याच गोष्टीवर उभी आहेत.

गुडघ्याच्या सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. ते वंगणासारखं पाणी तयार करतं. निरोगी गुडघ्यात हे पाणी चहाचा एक चमचाभरसुद्धा नसतं. आमवातात अस्तर सुजतं, जाड होतं आणि पाणी पाझरत राहतं. गुडघ्यात ५०-६० मिलिलिटर पाणी साठलं तरी त्यात नवल नाही. आता गुडघ्याच्या मागे आतल्या बाजूला बघा. पोटरीचा एक स्नायू आणि मांडीच्या मागून उतरणारा एक स्नायू तिथे एकमेकांना घासत जातात, आणि त्यांच्यामध्ये एक चपटी पिशवी असते. बऱ्याच मोठ्या माणसांत या पिशवीचं तोंड सांध्यात उघडतं. सांध्यात पाणी वाढलेलं असताना गुडघा वाकवला की ते दाबानं या तोंडातून मागे जातं. पाय सरळ केला की ते दोन स्नायू ताणले जाऊन तोंड मिटतं आणि मागे गेलेलं पाणी मागेच अडकतं. विहिरीतल्या पंपाचा फूटव्हॉल्व असतो ना, पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा, तसाच हा प्रकार.

घरच्या घरी एक गोष्ट तपासता येते. पाय ताठ ठेवून उभं राहिल्यावर गोळा टणक लागतो आणि गुडघा निम्म्यावर, साधारण ४५ अंशांत वाकवला की मऊ पडतो किंवा हाताला लागतच नाही, असं असेल तर ही पाण्याची गाठ असण्याची शक्यता मोठी. गुडघा कसाही वाकवला तरी तशीच दगडासारखी राहणारी, गुडघ्यामागच्या खोबणीच्या मधोमध किंवा बाहेरच्या अंगाला असलेली गाठ मात्र सोनोग्राफी केल्याशिवाय 'बेकर' समजू नये. एक्सरेत ही पाण्याची गाठ दिसत नाही, आणि एमआरआयची गरज क्वचितच पडते. सोनोग्राफीत दोन स्नायूंमधून सांध्याकडे जाणारी गाठीची मान दिसली की निदान पक्कं होतं.

लंडनचे सर्जन विल्यम मॉरंट बेकर यांनी १८७७ साली या गाठींवर लिहिलं, म्हणून त्यांचं नाव लागलं. खरं तर डब्लिनचे रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८४० मध्येच त्यांचं वर्णन केलं होतं. पण बेकर यांनी जे दाखवून दिलं ते आजही उपचाराचा पाया आहे : मोठ्या माणसात ही गाठ म्हणजे स्वतंत्र रोग नसून सांध्यातल्या रोगाचा मागच्या दारानं दिसणारा भाग आहे.

त्यामुळे मागचं पाणी काढून पुढचा सांधा तसाच ठेवला, तर बहुतेक वेळा गाठ पुन्हा भरते. शिवाय त्या खोबणीतून पायाची मुख्य धमनी, शीर आणि मज्जातंतू जातात. तिथे सुई घालायची तर सोनोग्राफीत बघतच घालावी लागते. नेहमीची पद्धत अशी : गुडघ्याच्या पुढून किंवा बाजूनं सुईनं सांध्यातलं पाणी काढायचं, ते तपासायला पाठवायचं, आणि त्याच सुईनं सांध्यात स्टिरॉइड सोडायचं. अस्तराची सूज उतरली की पाणी तयार होणं कमी होतं आणि मागची गाठ काही आठवड्यांत आपोआप आकसते.

तुमच्या पत्रातला खरा मुद्दा गाठीपेक्षा दुसरा आहे. आठ वर्षांनी, औषध चालू असताना, एका गुडघ्यात इतकं पाणी होतंय म्हणजे आजार ताब्यात नाही. तुमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे आमवाताच्या तज्ज्ञांना, हे आधी सांगा. ईएसआर आणि सीआरपी या सूज किती आहे ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या करून घ्या. आरए फॅक्टर पुन्हा करू नका, आजार चढला की उतरला हे त्यावरून कळत नाही. पंधरा मिलिग्रॅम हा मेथोट्रेक्सेटचा शेवटचा डोस नाही, ते वाढवता येतं, इंजेक्शननं देता येतं, जोडीला दुसरं औषध देता येतं. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, पण गाठ हाडांच्या डॉक्टरांकडे आणि आमवात वेगळ्या डॉक्टरांकडे अशी वाटणी झाली की दोघांनाही अर्धंच चित्र दिसतं. हे फार वेळा होतं.

तोवर गुडघा खोल वाकवणं बंद. उकिडवं बसणं, विळीवर भाजी चिरणं, वज्रासन, पाटावर बसून पूजा, या सगळ्यांत सांध्यातला दाब वाढून पाणी मागे ढकललं जातं. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची मधोमध भोक असलेली खुर्ची सर्जिकल दुकानात मिळते. कमोड असेल तर सीटवर चार ते सहा इंच उंची वाढवणारी जादा सीट बसवा. खुर्चीची बैठक निदान गुडघ्याच्या उंचीची हवी. खोल, मऊ सोफ्यात बसू नका, त्यातून उठताना सगळा भार गुडघ्यावरच येतो.

आणि एक ताकीद. आमवाताच्या बाकी सांध्यांच्या मानानं एकच गुडघा एक-दोन दिवसांत लालबुंद, चटका बसेल इतका गरम झाला, टेकवता येईना, थंडी वाजून ताप आला, तर तो आमवाताचा झटका आहे असं धरून घरी थांबू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. आमवातात ही शक्यता तशीही जास्त असते, आणि स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक औषधं चालू असतील तर तापही फारसा दिसत नाही. त्याच दिवशी सांध्यातलं पाणी काढून तपासायला हवं. अँटिबायोटिक आधी सुरू केलं आणि पाणी नंतर काढलं तर जंतू सापडत नाहीत, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

प्रश्न : आईला (वय ६४) बारा वर्षं आमवात आहे. गुडघ्यामागे गाठ होती. परवा जिना उतरताना आत काहीतरी फुटून कोमट पाणी पोटरीत उतरल्यासारखं तिला वाटलं. आता पोटरी सुजून टणक झालीये, घोट्याजवळ काळंनिळं दिसतंय. तेल गरम करून जोरात मालिश करावं असं सगळे सांगतात. (नाशिक)

मालिश करू नका. असं दुखणं पत्रानं विचारून उत्तराची वाट बघायचं नसतं. तुमची आई आत्तापर्यंत डॉक्टरांकडे जाऊन आली असेल अशी आशा धरून, इतर वाचकांसाठी सविस्तर लिहितो.

तुम्ही जे वर्णन केलंय ते गाठ फुटल्याचं जवळजवळ नमुनेदार वर्णन आहे. पाण्याचा दाब वाढून पिशवी फाटते, आतलं पाणी पोटरीच्या स्नायूंच्या मधून खाली उतरतं. ते जळजळ करणारं पाणी असतं, त्यामुळे पोटरी लाल, गरम आणि टणक होते. दोन-तीन दिवसांत ते घोट्यापर्यंत झिरपतं आणि आतल्या घोट्याच्या खाली चंद्रकोरीच्या आकाराचा काळानिळा डाग दिसतो.

पण पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी अशीच सुजते, अशीच दुखते. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी नुसतं हातानं चाचपून हे दोन्ही खात्रीनं वेगळं करता येत नाही. आमवातात गुठळी होण्याचा धोका मुळातच जास्त असतो. शिवाय मोठी गाठ शेजारच्या शिरेवर दाबून रक्त अडवते, म्हणजे दोन्ही एकाच पायात असू शकतात. गुठळी असलेल्या पायाचं मालिश केलं तर तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. गाठ फुटली असेल तर मालिशनं रक्तस्राव वाढतो. म्हणजे दोन्हीकडून मालिश चुकीचंच.

पोटरी अशी सुजली की त्याच दिवशी पायाची डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे रक्ताचा प्रवाहही दाखवणारी सोनोग्राफी, करा. उपाशी राहावं लागत नाही, तास-अर्ध्या तासाचं काम आहे. चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून घ्या : खोल शिरा बघणे, आणि गुडघ्यामागची गाठ व पोटरीतलं पाणी बघणे. नुसतं 'शिरांची डॉप्लर' लिहिलं तर कधी कधी शिरा मोकळ्या आहेत एवढंच लिहून येतं आणि दुखण्याचं कारण हातात येत नाही. डी-डायमर नावाची रक्ततपासणी सांगितली तर एवढं लक्षात ठेवा की आमवाताच्या सुजेमुळेही ती वाढलेली येते. नॉर्मल आली तर उपयोग होतो, वाढलेली आली म्हणून गुठळी आहेच असं होत नाही.

टेप असेल तर दोन्ही पोटऱ्या मोजा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली टेप गुंडाळायची. दुखऱ्या पायाचा घेर दुसऱ्यापेक्षा ३ सेंटिमीटरहून जास्त असेल तर तो आकडा डॉक्टरांना सांगा, त्यांच्या हिशेबात तो धरला जातो. फरक कमी आला म्हणून सोनोग्राफी टाळायची मात्र नाही.

सोनोग्राफी होण्याआधी नुसत्या संशयावर रक्त पातळ करणारं औषध सुरू करायची वेळ आली, तर 'गुडघ्यामागे गाठ होती' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. फुटलेल्या गाठीवर हे औषध पडलं तर पोटरीत रक्त साठून सूज वाढते. शिरेत गुठळी नक्की असेल तर मात्र ते औषध लागतंच, आणि निदान तीन महिने लागतं.

गाठच फुटली असेल तर पाय उशांवर उंच ठेवणे, कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन दिवस कमी चालणे, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर पॅरासिटामॉल २४ तासांत ३ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, यकृतावर दोघांचा भार येतो. गुडघ्याच्या सांध्यात इंजेक्शन देऊन मूळ सूज उतरवली की दुखणं लवकर आटोक्यात येतं. पोटरी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात.

थांबायचंच नाही अशा खुणा या : अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणे. तसंच पोटरी चकाकेल इतकी तट्ट होऊन पायाची बोटं नुसती हलवली तरी असह्य कळ येणे, तळवा बधिर किंवा गार पडणे. यात फॅमिली डॉक्टरांच्या वेळेची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

प्रश्न : गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. मला मधुमेह आहे. हाडं ठिसूळ होतात, एकदा घेतलं की सवय लागते असं ऐकलंय. (वय ५८, सोलापूर)

सवय लागत नाही. रोजच्या स्टिरॉइडच्या गोळ्या आणि सांध्यात एकदा दिलेलं इंजेक्शन यांची गल्लत करू नका. गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर हाडं, शुगर, डोळे, सगळ्यावर परिणाम होतो. शिवाय त्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. सांध्यातलं औषध मुख्यतः तिथेच काम करतं.

गुडघ्यासाठी साधारणपणे ट्रायमसिनोलोन ४० मिलिग्रॅम किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ४० ते ८० मिलिग्रॅम देतात. थोडं औषध रक्तात जातंच, त्यामुळे तुमची शुगर पहिल्या दिवसापासून चढेल आणि काही दिवस, कधी कधी आठवडाभर चढलेली राहील. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ग्लुकोमीटरवर मोजा. इन्सुलिन घेत असाल तर डोस किती वाढवायचा हे आधीच विचारून ठेवा. शुगर आधीच ३०० च्या घरात असेल तर आधी ती खाली आणू द्या.

इंजेक्शननंतर एक दिवस पायाला खरी विश्रांती द्या. गाडी चालवत परत येऊन लगेच बाजारात जाऊ नका. काहींना पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढतं, चेहरा लाल होतो. ते आपोआप ओसरतं. ४८ तासांनंतरही दुखणं वाढतच राहिलं किंवा ताप आला तर परत जा, जंतुसंसर्ग झाला नाही ना हे बघावं लागतं. दोन इंजेक्शनांत निदान तीन महिने, आणि एका गुडघ्यात वर्षाला तीन-चारच्या वर नाही. तिसऱ्यांदा मागायची वेळ आली तर इंजेक्शन नाही, रोजचं औषध अपुरं पडतंय असं समजा. आणि गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया तीन महिन्यांच्या आत ठरली असेल तर इंजेक्शन घेऊच नका, नव्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

प्रश्न : रात्री गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं. फिजिओथेरपिस्ट नको म्हणतात. दुखतं तर उशी घेऊ नको असं का? (वय ४५, पणजी)

बरं वाटतं ते खरंच आहे. पाणी भरलेल्या गुडघ्यात थोडा वाकलेला असताना सर्वांत जास्त जागा असते, दाब कमी होतो, म्हणून तो आपोआप तसाच राहू बघतो. पण रात्रीचे सात तास आणि दिवसातले दोन-तीन, असं महिनाभर झालं की मागचे स्नायू आणि सांध्याचं मागचं आवरण आखडतं आणि पाय सरळच होत नाही. मग चालताना तो पाय आखूड पडल्यासारखा होतो, माणूस लंगडतो, दुसऱ्या गुडघ्यावर आणि कमरेवर भार येतो. आखडलेला गुडघा सरळ करणं हे गाठ बरी करण्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे.

उशी घ्यायचीच तर नुसती गुडघ्याखाली नको. पोटरीपासून टाचेपर्यंत सगळ्या पायाखाली घ्या, म्हणजे पाय उंच राहील आणि सरळही.

जोडीला हे तीन व्यायाम करा. पहिला : पलंगावर पाय लांब करून बसा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघा अधांतरी सोडा. त्याच्या वजनानं तो खाली जाऊ द्या, पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. वरून हातानं दाबू नका. दुसरा : टॉवेल गुडघ्याखाली घेऊन गुडघ्यानं तो खाली दाबा, मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करा, पाच आकडे मोजून सोडा, असं दहा वेळा. सांध्यात थोडं जरी पाणी झालं तरी मांडीचा हा स्नायू झोपी गेल्यासारखा होतो आणि भराभर बारीक होतो, म्हणून हा व्यायाम गुडघा सुजलेला असतानाही चुकवायचा नाही. तिसरा, सूज उतरायला लागल्यावर : उताणं झोपून दुखरा पाय ताठ ठेवून वीतभर उचला, पाच आकडे मोजा, हळू खाली ठेवा. दुसरा गुडघा वाकवून ठेवायचा म्हणजे कमरेला त्रास होत नाही. व्यायामानंतर दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मे करा, बंद करू नका.

प्रश्न : नी-कॅप घालावी का? आणि शेक गरम की थंड? (ठाणे)

गाठ असताना घट्ट नी-कॅप नको. तिची घडी नेमकी मागच्या खोबणीत रुतते, शिरेवर दाब येतो आणि खाली पोटरी सुजते. आधार हवाच असेल तर क्रेप बँडेज पायाच्या बोटांपासून सुरू करून गुडघ्याच्या वर चार बोटं जाईल असं बांधा, खाली थोडं घट्ट आणि वर जाताना सैल, आणि झोपताना काढा. गुडघा गरम आणि फुगलेला असेल तर थंड शेक. सकाळी आखडलेले हात-पाय मोकळे करायला कोमट पाणी. पोटरी नव्यानं सुजली असेल तर सोनोग्राफी होईपर्यंत गरम शेक नको.

प्रश्न : गुडघा जास्त दुखेल त्या आठवड्यात मी मेथोट्रेक्सेटची एक गोळी जास्त घेते. चालेल ना? (वय ४९, लातूर)

अजिबात नाही. या सदरातली कुठलीही ओळ विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

मेथोट्रेक्सेट हे दुखणं थांबवणारं औषध नाही. त्याचा परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात, त्यामुळे आज घेतलेल्या जादा गोळीनं आजचा गुडघा तसूभरही उतरत नाही. जादा गोळीचा फटका मात्र लवकर बसतो : तोंड येतं, अंगावर काळेनिळे डाग पडतात, रक्तातल्या पेशी घटतात, ताप येतो. चुकून रोज घेतलं तर माणूस दगावतो, आणि ही चूक होते, कारण घरातली बाकी सगळी औषधं रोजची असतात.

आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या एकाच वारी. मंगळवारी मेथोट्रेक्सेट, शुक्रवारी फॉलिक अ‍ॅसिड (मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करणारी गोळी) असं केलं तर 'म'ला 'म' जुळून लक्षात राहतं. ही गोळी २.५, ५, ७.५, १०, १५ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. दुकानदारानं दुसरी पट्टी दिली तर 'दोन गोळ्या' म्हणजे किती मिलिग्रॅम ते बदलतं, म्हणून चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या नाही, मिलिग्रॅम बघा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं लगेच सांगा, ही दोन्ही एकत्र घ्यायची नाहीत. मोठा ताप, जुलाब-उलट्या होत असतील त्या आठवड्याचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. हिमोग्राम (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंड) या तपासण्या सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी, नंतर दर दोन-तीन महिन्यांनी.

तुम्ही किती आठवडे जादा गोळी घेतली ते न लपवता सांगा आणि या तपासण्या याच आठवड्यात करून घ्या.

प्रश्न : दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी जाते. आमवात पाच वर्षांचा, यंदा डाव्या गुडघ्यामागे गाठ. वारी चुकवायची नाही. (वय ५६, पुणे जिल्हा)

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. गुडघ्यात आत्ता पाणी असेल तर सबंध वाट पायी चालणं परवडणार नाही. पण 'पायी नाही तर नाहीच' असंही करायची गरज नाही.

दोन महिने आधी डॉक्टरांना तारीख सांगा. औषधात बदल करायचा तर त्याला तेवढा वेळ लागतो, आणि गुडघ्यात इंजेक्शन द्यायचं तर ते प्रस्थानाच्या दोन-तीन आठवडे आधी देता येतं. चार दिवस आधी धावत येऊन 'काहीतरी करा' म्हणण्यात अर्थ नसतो. सपाट रस्त्यावर सकाळचा टप्पा चाला, दुपारनंतर दिंडीच्या ट्रकमध्ये बसा. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा, त्यात दिवेघाटाची चढण. तो दिवस पूर्णपणे गाडीतून करा. जिथे चढ-उतार असेल तिथे चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, उलट्या हातात : गुडघा डावा तर काठी उजव्या हातात. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी.

सर्वांत मोठा धोका चालण्याचा नाही, वेदनाशामक गोळ्यांचा आहे. घाम गाळत, कमी पाणी पीत दिवसाला दोन-तीन वेदनाशामक घेतल्या की मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातूनच बाहेर जातं. ते अडकलं की नेहमीचा डोसही विषारी ठरतो. वाटेवरच्या मोफत शिबिरात गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी 'मला आमवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे' हे वाक्य बोलाच. एका कागदावर औषधांची नावं, मिलिग्रॅम आणि वार लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा. औषधाचा वार वाटेत चुकवू नका.

मुक्कामाला पाय पिशवीवर उंच ठेवून पडा, टाचेपासून. ओल्या चपलांनी झालेल्या जखमा रोज संध्याकाळी बघा, तुमच्या औषधांमुळे छोटी जखमही चिघळते. पोटरी सुजली तर पुढचा टप्पा नाही, आधी सोनोग्राफी.

प्रश्न : शस्त्रक्रिया करून ही गाठ कायमची काढून टाकता येत नाही का? (कोल्हापूर)

काढता येते, पण सांध्यातली सूज तशीच असेल तर ती परत येते, म्हणून पहिला उपाय म्हणून करत नाहीत. औषधं बदलून, इंजेक्शनं देऊनही सांधा शांत होत नसेल तर दुर्बिणीतून सुजलेलं अस्तर काढतात आणि गाठीकडे जाणारी झडपेसारखी फट मोकळी करतात. कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, पूर्ण झिजली असेल तर गुडघा बदलणं हाच पर्याय उरतो. गाठ मज्जातंतूवर दाबून तळव्याला सतत मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल, तर मात्र लवकर निर्णय घ्यावा लागतो.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यामागे गाठ आहे. दुखत नाही. आजीला आमवात आहे. त्यालाही झाला का? (अमरावती)

बहुधा नाही. लहान मुलांत ही गाठ बहुतेक वेळा सांध्याशी संबंध नसलेली, नुसत्या पिशवीतल्या पाण्याची असते आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. एकदा सोनोग्राफी करून ती पाण्याचीच आहे एवढं बघा. सुई नको, शस्त्रक्रियाही नको. सांधाच सुजलेला असेल, मूल सकाळी लंगडत असेल, वारंवार ताप येत असेल किंवा गाठ टणक असून वाढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.

प्रश्न : वडिलांच्या (वय ६९) गुडघ्यामागची गाठ हाताला धडधडते. आमवात नाही. विडी ओढतात. एक जण पाणी काढून देतो म्हणाला. (जळगाव)

काढू देऊ नका. नाडीच्या ठोक्याबरोबर उडणारी गाठ ही पाण्याची नसून फुगलेली धमनी असू शकते, त्यात सुई घातली तर रक्त थांबवता येणार नाही. धमन्यांची डॉप्लर करा आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा. दुसऱ्या पायाची आणि पोटातल्या मुख्य धमनीचीही तपासणी त्याच वेळी करून घ्या, कारण ही फुगी बऱ्याचदा एकाच ठिकाणी नसते. पाय अचानक पांढरा, गार पडून दुखायला लागला तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्या.